दुसरीची सासू

साड्यांचा, दागिन्यांचा, रंगरूपाचा हेवा मी कधी केला नाही. त्याला लागणारी सवडच मला नव्हती. मला हेवा वाटला तो एका बाईच्या सासूचा, आणि तो इतका की अजून आठवलं तरी जीव जळतो.

सत्तरच्या दशकात मी साताऱ्याच्या एका रुग्णालयात भूल देणारी डॉक्टर होते. माहेर सांगलीचं, सासर साताऱ्याचं. नवरा कॉलेजात शिकवायचा. घरात सासूबाई, लग्नाची नणंद आणि माझी लहानगी मुलगी. जिवावर बेतलेला पेशंट आला की धावणाऱ्या आम्ही दोघीच बायका: मी आणि ती. ती वडूजकडची. तिच्या सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे फिरलेली. नवरा त्या घरातला पहिला शिकलेला. फौजेत गेला आणि सीमेवरून परत आला नाही. तेव्हा ती डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षाला होती. माहेरचे न्यायला आले, तर सासूनं त्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि सुनेला म्हणाली, "परीक्षा हाय न्हवं? मग रडत रडत वाच."

तीच सासू पुढे सुनेसोबत साताऱ्याला राहायला आली. दुपारी फडक्यात बांधलेला डबा घेऊन वॉर्डाच्या दारात उभी राहायची. कानात बुगड्या, नऊवारीचा घट्ट कासोटा, आणि आवाज असा की व्हरांड्यातले लोक दचकावेत. "खाल्लंस का? मग खा. मान्सं काय पळून जात न्हाईत." बाजरीची भाकरी आणि हुलग्याची उसळ. माझाही डबा असायचा. तो मीच भरलेला असायचा, घरातल्या सगळ्यांचं आवरून झाल्यावर, उरलेल्यातला.

तिचं कुंकू गेलेलं, माझं शाबूत. तरी तिला बघून माझ्या मनात यायचं, हिला जाब विचारायला कोणी नाही, किती बरं आहे! असा विचार करणाऱ्या बाईला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. पण यायचा विचार, तो यायचाच.

अशात रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. अत्यवस्थ पेशंटांसाठी वेगळा वॉर्ड होणार होता, श्वास देणारं यंत्र येणार होतं. दोघींपैकी एकीनं सहा महिने मुंबईला राहून ते शिकायचं. जी शिकेल तिच्या हाती वॉर्ड. मला जायचं होतं. दुसरं काही नको, एवढंच हवं होतं. श्वासनलिकेत नळी घालण्यात माझा हात तिच्यापेक्षा सरस होता, हे तीही कबूल करायची.

साहेब मला म्हणाले, "घरी विचारून सांगा." तिला काहीच म्हणाले नाहीत.

मी घरी विचारायला योग्य वेळ शोधत होते, तेवढ्यात मेढ्याकडून एक सासुरवाशीण आली. जमिनीवर झोपलेली असताना मण्यार चावली होती. आधी तिला देवळात नेऊन ठेवलं, अंगारा लावला, मग जीपमधून आमच्याकडे. पापण्या मिटलेल्या, हातपाय लुळे, श्वास जेमतेम. सासरा हात जोडून म्हणाला, "आवं बाई, संपलं हिचं. माती न्यायची परवानगी द्या." सोबतच्या बायकांनी गळा काढला.

मण्यारीच्या विषानं माणूस लुळा पडतो, पण त्याला सगळं ऐकू येत असतं. मी ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं आणि नळी घातली. पहिल्या झटक्यात घातली. मग नळीला जोडलेला श्वासाचा रबरी फुगा दाबायला सुरुवात केली. यंत्र नव्हतंच, दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा, बोटं आखडली की दुसरीनं घ्यायचा. विष उतरेपर्यंत हात थांबवायचा नाही.

आणि त्याच दुपारी आमच्या घरी नणंदेला बघायला विट्याची माणसं येणार होती. गलाईवाले, दूर दक्षिणेत कुठल्याशा शहरात सोनं गाळण्याचं दुकान. सासूबाईंचा निरोपावर निरोप. शेवटी नवरा स्वतः आला. दारातूनच म्हणाला, "सून घरात नाही हे बरं दिसतं का?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं फुगा माझ्या हातातून घेतला. "जा तू. मी आहे."

मी गेले. कांदे चिरले, पोहे केले, डोक्यावर पदर घेऊन बशा फिरवल्या. कांद्यामुळे डोळ्यांतून पाणी येत होतं ही फार मोठी सोय झाली. मनात एकच: आता दारात ती सासू आली असेल, सुनेच्या तोंडात घास भरवत असेल, कारण सुनेचे हात फुग्यावर. विट्याच्या पाहुण्यांनी पोह्यांचं कौतुक केलं. स्थळ काही जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेले तर माझ्या कल्पनेपेक्षाही वाईट घडलं होतं. सासूनं खरंच घास भरवले होते. आणि सून फुगा दाबता दाबता त्या लुळ्या पोरीशी अखंड बोलत राहिली होती, गावाकडच्या बोलीत, पाऊसपाण्याचं, शेरडांचं, काय वाटेल ते. नंतर आम्ही पाळीपाळीनं दाबला, मीही दाबला. पण मला असं बोलायला सुचलं नाही. मी नाडी बघत होते.

पोरगी वाचली. आधी पापणी हलली, मग बोट, मग ती स्वतः श्वास घ्यायला लागली. घरी जायच्या दिवशी तिची सासू खण, नारळ, तांदूळ घेऊन आली. आमच्या भागात जीव वाचवणाऱ्या बाईची ओटी भरल्याशिवाय लोक गावी परतत नाहीत. ती सरळ माझ्यासमोर आली. माझ्या कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, विचारायचं काय? तिनं नारळ माझ्या पदरात ठेवलासुद्धा. तिकडे आमची डॉक्टरीण सवयीनं मागे सरकून खिडकीशी उभी राहिली होती.

"आत्याबाई," खाटेवरून पोरगी म्हणाली. आवाज अजून फाटका होता. "त्यांची भरली ती भरली. पर माझ्याशी बोलत हुत्या त्या ह्या न्हवं. त्या खिडकीतल्या. मी आवाज वळखते."

सासूची पंचाईत झाली. "अगं, त्यांची कशी भरायची?"

"मी आत पडलेली, तुमी माती न्यायचं म्हनत हुतासा. त्या म्हनत हुत्या, तुझी शेरडं वाट बघत्यात. मी भरते त्यांची."

तेवढ्यात दारातून आवाज आला. डबेवाली सासू. "भर गं पोरी. आन्‌ तू गं, खिडकीत काय हुबी? पसर पदर."

तिनं पदर पसरला. नारळ एकच होता आणि तो माझ्याकडे होता. तिला खण आणि उरलेले तांदूळ मिळाले. ती रडत होती, पोरगी रडत होती, डबेवाली म्हातारी डोळे पुसत होती. मी नारळ धरून उभी होते, आणि हेवा मलाच वाटत होता. नळी कुणी घातली होती? नळी मी घातली होती!

मुंबईला ती गेली. तिच्या सासूनं साहेबांच्या खोलीत शिरून "धाडा" म्हणून सांगितलं होतं. माझ्या घरी नवरा म्हणाला, "मुलीचं कोण बघणार?" सासूबाई म्हणाल्या, "माझे गुडघे दुखतात." सांगलीला आईला लिहिलं, तर तिचं उत्तर आलं की वहिनीचं बाळंतपण आहे. मी बोलले नाही. भांडी मात्र बरीच आपटली.

ती परतली, यंत्र मात्र अजून यायचं होतं. साहेब म्हणाले, एकटीवर वॉर्ड चालायचा नाही, दुसरीलाही धाडू. नवऱ्याचं उत्तर तेच. मी नाही म्हणून कळवणारच होते, तर संध्याकाळी म्हातारी आमच्या घरी आली. भिंतीला टेकून बसली, सासूबाईंनी दिलेला चहा बशीत ओतून प्याली आणि नवऱ्याला म्हणाली, "मास्तर, पोर मी सांबाळती. एकीचं केलं, दुसरीचं करायला काय लागतंय? आन्‌ माजी सून एकटी किती दाबंल फुगा?"

नवऱ्याला नाही म्हणता आलं नाही. तिला नाही म्हणणं कोणालाच जमायचं नाही.

सहा महिने मी मुंबईला पोटभर शिकले. कोणी बोलावलं नाही, कोणासाठी पोहे केले नाहीत. जिचा हेवा केला तिच्यासारखीच मी राहिले, पाठीशी तीच सासू.

परत आले तेव्हा एसटी स्टँडवर म्हातारी उभी होती, कडेवर माझी मुलगी. मी हात पुढे केले. मुलीनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हातारीच्या खांद्यात तोंड लपवलं. "आजी, ही बाई कोन हाय?"

"तुजी आई हाय गं, येडे." म्हातारी हसली. मग माझा चेहरा पाहून थांबली. "यील तुमच्याकडं, चार दिस जाऊ द्या. आदी वॉर्डात जावा. यंत्र आलंय, आन्‌ पिकावर मारायचं औषध प्यालेला एक जन आनलाय. सून एकटीच हाय तितं."

मी रिक्षात बसले. वळून पाहिलं, तर माझी मुलगी तिच्या बुगडीशी खेळत होती.