जिन्याचं उद्घाटन

"लोकांचा पैसा कुठे जातो, यावरून गावाचा आत्मा ओळखावा," अशी चेअरमन सेल्वराज यांनी बजेटच्या सभेची सुरुवात केली. सगळे गंभीर झाले. मग त्यांनी दोन हत्तींचं रंगीत चित्र टेबलावर पसरलं.

हत्ती स्वागत कमानीचे होते. एक रस्त्याच्या डावीकडे, एक उजवीकडे, दोघांच्या सोंडा वर, आणि सोंडांवर तोललेली एक मच्छीमार होडी. होडीवर नगरपालिकेचं नाव. त्याखाली, जरा मोठ्या अक्षरांत, चेअरमनसाहेबांचं.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. इमारत कशी दिसेल ते आर्किटेक्ट सांगतो. ती उभी राहील का, ते मी सांगते. त्याचं नाव इमारत झाल्यावर छापून येतं, माझं पडल्यावर. लग्न होऊन मिरजेहून चेन्नईला आले तेव्हापासून हाच धंदा. नुंगंबाक्कममध्ये छोटं ऑफिस आहे. माझं तमिळ फारसं शुद्ध नाही, पण भांडायला पुरतं.

ही नगरपालिका शहराच्या दक्षिणेला, कोवलमकडे जाणाऱ्या रस्त्यावर. नाव सांगत नाही, कारण अजून तिथली कामं मिळतात.

"मॅडम, हे उभं राहील ना?" चेअरमननी विचारलं.

"हत्ती भरीव आहेत की पोकळ?"

"पोकळच. बाहेरून सिमेंट."

"मग राहतील. होडीचं सांगता येत नाही. इथे वादळं येतात."

"होडीला वादळाची सवय असते," ते म्हणाले. सभागृह हसलं. मीही हसले. माणूस हजरजबाबी होता, हे मान्य केलं पाहिजे.

अडचण अशी होती की त्या वर्षी पालिकेच्या हातात एकाच मोठ्या बांधकामाचा निधी होता, आणि रांगेत दोन कामं होती. दुसरं काम म्हणजे पालिकेच्या शाळेचा जिना. तो बंद पडला होता आणि बंद पाडणारी मीच होते.

झालं असं की महिन्याभरापूर्वी पालिकेने मला शाळेच्या स्टॅबिलिटी सर्टिफिकेटसाठी बोलावलं होतं. म्हणजे इमारत वापरायला सुरक्षित आहे, असा दाखला. इमारत ठीक होती, पण बाहेरून वर जाणारा जिना ठीक नव्हता. समुद्राच्या हवेत मीठ असतं. ते काँक्रीटमध्ये शिरलं की आतली लोखंडी सळी गंजते, गंज फुगतो आणि वरचं काँक्रीट पापडासारखं सुटतं. आम्ही त्याला स्पॉलिंग म्हणतो. शाळेची आया त्याला रोजची झाडलोट म्हणत होती. मी हातोडीने ठोकून पाहिलं. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं. हे भोपळ्यासारखं वाजलं. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, "वापर ताबडतोब थांबवावा."

पालिकेने थांबवला. एवढी तत्परता मी तिथे आधी पाहिली नव्हती. वरचे दोन वर्ग, सातवी आणि आठवी, खालच्या एकाच हॉलमध्ये आले. मध्ये हिरवा पडदा. एकीकडे नकाशा, दुसरीकडे बीजगणित. सातवीच्या मुलांना सूत्रं पाठ झाली, नद्या राहिल्या.

हेडमिस्ट्रेस मल्लिका टीचर मला फाटकापर्यंत सोडायला आल्या होत्या. बारीक चणीच्या, मोगऱ्याचा गजरा, आवाज मात्र असा की पडद्याच्या दोन्ही बाजूंना पोचावा.

"मॅडम, तुमच्या एका सहीने दोन वर्ग खाली आले. आता वर न्यायला कोणाची सही लागते?"

"पालिकेची."

"ती मिळाली नाही तर जूनमध्ये आठवी बंद. वरून तसं कळवलंय. मुलं हायवेपलीकडच्या शाळेत जातील."

"जातील ना पण?"

"मुलगे जातील," त्या म्हणाल्या. "मुलींना घरचे तो हायवे ओलांडू देणार नाहीत. नववीचं पुढे बघू, आठवीपर्यंत इथेच शिक, एवढ्या बोलीवर पुष्कळ जणी शिकतायत."

म्हणून मी त्या सभेत हत्तींकडे जरा आकसाने बघत होते.

विरोधी बाजूच्या परिमळा उठल्या. मासळीबाजारात त्यांचं दुकान, त्यामुळे त्यांना माइक लागत नाही. "तलैवर," त्या म्हणाल्या. तलैवर म्हणजे नेते. शब्द आदराचा, सूर नव्हे. "तुमच्या कमानीतून स्वागत कोणाचं होणार? सगळ्या गाड्या महाबलिपुरमला जातात. आपल्याकडे थांबतं कोण? पंक्चर झालेला!"

"अक्का, त्याचंही स्वागत व्हायला नको का?"

"जिना बांधा आधी!"

"जिना कोण नको म्हणतंय? पुढच्या वर्षी नक्की."

पालिकेत "पुढच्या वर्षी नक्की" याचा अर्थ काय, ते तिथल्या पंख्यांनाही माहीत होतं. त्यातले दोन मागच्या वर्षापासून पुढच्या वर्षी दुरुस्त होणार होते.

मला बोलायला सांगितलं. मी मीठ, गंज, सळ्या हे सगळं समजावलं. लोडचे आकडे दिले. सगळ्यांनी आदराने ऐकलं आणि एकाचंही मत बदललं नाही. तज्ज्ञाचं भाषण हे सभेत चहा येईपर्यंतचं काम असतं.

चहा आला. चेअरमन माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "मॅडम, मनातलं सांगतो. कमानीला कल्वेट्टू लागतो. जिन्याला कुठे लावणार?"

कल्वेट्टू म्हणजे कोरलेला ग्रॅनाइटचा दगड. आमच्याकडे बसस्टॉप असो की गटार, बांधलं की दगड. वर मोठ्या साहेबांचं नाव, खाली लहान साहेबांचं, तळाला कंत्राटदाराचं. गटार बुजतं, दगड राहतो. मी वीस मिनिटं लोडबद्दल बोलत होते आणि प्रश्न दगडाचा होता.

मल्लिका टीचर शाळेच्या वतीने मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांना चेअरमनचं ऐकू गेलं असावं. चाळीस मुलांच्या वर्गात कुजबुज कुठून येते हे ओळखणाऱ्या बाईला ते काय अवघड? त्या उभ्या राहिल्या.

"सार, एक सांगू? मतदान केंद्र आमच्याच शाळेत असतं. तळमजल्यावर. रांग अंगणात लागते."

"मग?"

"रांगेचं तोंड बरोबर जिन्याकडे असतं. अर्धा-अर्धा तास लोक उभे राहतात. मोबाइल आत आणायला बंदी. बघायला दुसरं काही नसतं." त्या थांबल्या. "कमानीखालून गाड्या साठच्या स्पीडने जातात. एवढंच म्हणायचं होतं." आणि बसल्या.

प्रत्येक नगरसेवक मनातल्या मनात त्या अंगणात उभा राहून समोरच्या भिंतीवर स्वतःचं नाव वाचत होता, हे मला स्पष्ट दिसलं.

"मॅडम," चेअरमन म्हणाले, "जिन्याच्या बाजूची भिंत जरा रुंद करता येईल?"

"किती रुंद?"

"सगळ्यांची नावं बसतील एवढी."

स्ट्रक्चरच्या दृष्टीने त्या भिंतीची काही गरज नव्हती. मी म्हटलं, "करता येईल."

ठराव एकमताने झाला. परिमळा अक्कांनी आपलं नाव तिसऱ्या ओळीच्या वर हवं, एवढीच दुरुस्ती सुचवली. हत्ती गुंडाळून कपाटात गेले. गावाच्या आत्म्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

जिना जूनच्या आत झाला. या वेळी सळ्यांवर काँक्रीटचा थर जाड ठेवला आणि साइटवर उभं राहून ओतून घेतला. पहिल्या पायरीवर रिबन कापली. चेअरमन वर चढले, वरून हात हलवला, खाली आले. जिन्याचं उद्घाटन याहून जास्त करता येत नाही. दुसऱ्या दिवशी सातवी आणि आठवी वर गेली. पडदा टीचरनी धुऊन ठेवून दिला. म्हणाल्या, असू दे, पालिका आहे.

पुढे निवडणूक आली. मतदानाच्या आदल्या दिवशी मी त्याच गावात पाण्याच्या टाकीचं काम बघायला गेले होते. येताना शाळेत डोकावले. मल्लिका टीचर स्टुलावर उभ्या राहून कल्वेट्टूवर खाकी कागद चिकटवत होत्या. मुलांच्या वह्यांना घालतात तोच, खळ लावून.

आचारसंहिता. निवडणूक लागली की पुढाऱ्यांची नावं असलेले दगड झाकायचे. मतदान केंद्रात तर झाकायचेच. त्या सभेतला प्रत्येक जण निवडणूक लढवून आला होता, नियम प्रत्येकाला पाठ होता. पण दगडावर आपलं नाव दिसायला लागलं की माणसाला बाकीचं दिसेनासं होतं.

"टीचर, तुम्हाला तेव्हा हे माहीत होतं?"

"मॅडम, माझी इलेक्शन ड्युटी आजवर एकदाही चुकलेली नाही."

"मग सभेत बोलला नाहीत?"

"कोणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या आणि कागदाचा सुटलेला कोपरा तळहाताने दाबून बसवला.

तेव्हापासून माझ्या रिपोर्टच्या शेवटी मी नेमप्लेटसाठी जागा सुचवते. कामं लवकर मंजूर होतात.

दगड झाकायचा लेखी आदेश येतो. उघडायचा तसा आदेश येत नाही. कागद अजून तिथेच आहे. आठवीच्या मुलींनी त्यावर आपलं वेळापत्रक लावलं आहे.