श्रावणात न येणारा दमा

माझ्या मुलीला श्रावणात दम्याचा त्रास होत नसे. दोन वर्षं हे पाहिलं आणि त्याचं सगळं श्रेय मी माझ्या सोमवारच्या उपासांना देऊन मोकळी झाले.

कोळंबी तिला चालत नाही, हे ठाऊक होतं. चार वर्षांची असताना एका बारशाला तिने दोन कोळंब्या खाल्ल्या आणि ओठ टम्म सुजले. तेव्हापासून तिचं ताट वेगळं, पळी वेगळी. माझ्या लेखी विषय संपला. दमा हे निराळं दुखणं, आणि त्याचे गुन्हेगार मी शोधून ठेवले होते: जोगेश्वरीत आमच्या समोर चाललेलं टॉवरचं बांधकाम आणि कबुतरांना दाणे टाकणाऱ्या वरच्या काकू. काकूंशी तर मी जिन्यात कडाकडा भांडले. त्यांची माफी मागायचं धाडस अजून झालेलं नाही.

यंदा आषाढात तिची धाप वाढली. डॉक्टरीणबाईंनी वही ठेवायला सांगितली: त्रास कधी झाला, तेव्हा घरात काय चाललं होतं. तीन आठवड्यांनी त्यांनी ती चाळली.

"बुधवार, शुक्रवार, रविवार. धुळीला वार कळतात का हो?"

ते आमचे मासळीचे वार. पावसाळ्यात ताजी मासळी कमी, म्हणून मी तव्यावर सुका जवळा भाजायचे. तोही कोळंबीच्याच जातीचा, फक्त बारीक. त्याचा धूर घरभर व्हायचा. श्रावणात मात्र महिनाभर आमच्याकडे मासळी शिजत नाही.

"पण ती खात नाही," मी म्हटलं.

"श्वास तर घेते ना? आणि दमा असलेल्या मुलांना अशी ॲलर्जी जास्त जड जाते. पुढच्या वेळी ओठांवर थांबेलच, असं नाही."

घरी येऊन मी जवळ्याचा डबा बहिणीकडे पाठवून दिला. मुलगी दारात उभी राहून बघत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तू भाजायला लागलीस की छातीत घट्ट व्हायचं. मग मी गॅलरीत जायचे."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"जवळा असतो फक्त त्याच दिवशी तू दुसऱ्यांदा भात घेतेस."