दोन नोकऱ्यांमधला पंधरवडा

माझं जुनं ऑफिस अंधेरीतून उठून बेलापूरला जाणार असं ठरलं, तेव्हा मला चौथा महिना लागला होता. बोरीवलीहून रोज बेलापूर म्हणजे जाऊन-येऊन पाच तास. पोट घेऊन ते झेपणार नव्हतं, म्हणून मी चकाल्यात दुसरी नोकरी शोधली आणि नवल म्हणजे ती मिळालीही. इंटरव्ह्यूला पोट ओढणीखाली लपलं. ऑफर लेटर हातात आल्यावर मात्र मी एचआरच्या मुलीला फोन करून खरं ते सांगून टाकलं. ती म्हणाली, "अरे वा, मॅडम! टेन्शन नका घेऊ. आमच्या पॉलिसीत मॅटर्निटी पहिल्या दिवसापासून कव्हर आहे. तुम्ही फक्त जॉइन व्हा."

त्या एका वाक्यावर माझी सगळी भिस्त होती. नवऱ्याचं स्वतःचं एसी दुरुस्तीचं काम, त्यामुळे त्याच्याकडून इन्शुरन्सच्या नावाने शून्य. स्वतःची पॉलिसी काढावी तर बाळंतपणासाठी दोन-तीन वर्षं थांबा म्हणतात. बाळ थोडंच थांबणार होतं? त्यात माझं वय अडतीस, आणि आधी दोनदा अगदी सुरुवातीलाच सगळं संपलेलं. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं, की काहीही वेगळं वाटलं तर तडक निघून यायचं.

जुन्या ऑफिसातला शेवटचा दिवस शुक्रवार होता. नव्यांनी सोमवारची तारीख दिली. तो सोमवार निघाला पितृपक्षातला.

आता खरं सांगायचं तर या बाबतीत मी आयुष्यभर नाकाने कांदे सोलत आले. मावसभावाने पितृपक्ष म्हणून फ्लॅटचं टोकन द्यायचं थांबवलं, तेव्हा भर जेवणात त्याची टिंगल केली होती. पण पोटात जीव असला की शहाणपण कुठे जातं कोण जाणे. सासूबाई मालवणकडच्या. त्या भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाल्या, "म्हाळवस सरांदे गो, मगे जा. नाय तर तुझा तू बघ." त्यांनी हट्ट केला नाही. नंतर मी स्वतःच एचआरला फोन लावला आणि घटस्थापनेची तारीख मागून घेतली.

तिला काही नवल वाटलं नाही. "श्राद्ध चालू आहेत ना, आमच्यात पण नाही करत. या दिवसांत कोणीच जॉइन होत नाही. घटस्थापनेला बघा, लाइन लागते नुसती." नवरा म्हणाला, "पंधरा दिवसांत काय होतंय?" मी म्हटलं, तेच तर, विषाची परीक्षा कशाला घ्या. जुन्या कंपनीचं इन्शुरन्सचं कार्ड शुक्रवारीच मेलं होतं आणि नवं जन्मायचं होतं, हे घरात आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. अवघड काहीच नव्हतं त्यात.

पहिले बारा-तेरा दिवस मजेत गेले. शनिवारी दुपारी कंबर दुखायला लागली. खाली काहीतरी जड ओढल्यासारखं वाटत होतं आणि संध्याकाळी पाण्यासारखं जायला लागलं, किंचित गुलाबी. मला कळलं. लोक म्हणतात, तेव्हा लक्षात येत नाही, पण मला त्याच क्षणी कळलं होतं. फोन हातात घेतला, डॉक्टरीणबाईंचा नंबर काढला आणि बंद केला. त्या म्हणणार, ॲडमिट हो. ॲडमिट झाले तर सोमवारी जॉइन कशी होणार? जॉइन झाले नाही तर नोकरी राहील की नाही कोण जाणे, आणि नोकरी नाही तर पुढच्या चार महिन्यांचं, बाळंतपणाचं, कमी दिवसांचं झालंच तर काचेच्या पेटीतल्या बाळाचं, सगळं उघड्यावर. दोन दिवस काढले की सगळं पदरात पडतं. मी बाळासाठीच थांबत होते, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि डाव्या कुशीवर पडून राहिले. नवऱ्याला सांगितलं, पित्त झालंय.

रविवारी सर्वपित्री अमावास्या. सासऱ्यांच्या नावाचं पान होतं. वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबार, खीर. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यामुळे वडे तळायला मी उभी राहिले. आडवी पडले असते तर विचारपूस झाली असती. त्यांनी विचारलंच, "तोंड असां कित्याक सुकलां गो तुझां?" मी म्हटलं, "काही नाही आई, तेलाचा वास सहन होत नाही." आमच्या सोसायटीच्या गच्चीवर त्या दिवशी पानं घेऊन रांग असते. आमच्या पानाला कावळा लगेच शिवला म्हणून सासूबाई खूश होऊन खाली आल्या.

सोमवारी मी रिक्षाने चकाल्याला गेले. नवरात्राचा पहिला रंग पांढरा, त्यामुळे कॉन्फरन्स रूममध्ये आम्ही नऊ नवे लोक, जवळजवळ सगळे पांढऱ्या कपड्यांत, खुर्च्यांवर ओळीने बसलो होतो. एक गृहस्थ पडद्यावर कंपनीची मूल्यं दाखवत होते. माझ्या पोटात दर थोड्या वेळाने कळ येत होती आणि मी हसतमुख चेहरा ठेवून फॉर्मची वाट बघत होते. अकराच्या सुमारास फॉर्म आले. मी अवलंबितांच्या रकान्यात नवऱ्याचं नाव घातलं, मुलांच्या जागा मोकळ्या सोडल्या आणि सही केली. एचआरच्या मुलीला विचारलं, "कव्हर कधीपासून?" ती म्हणाली, "आजपासून. झालंच समजा."

मग मी तिला सांगितलं, की मला हॉस्पिटलमध्ये ने.

पोरगी गुणाची. एक शब्द न विचारता टॅक्सी बोलावली आणि यादीतल्या जवळच्या हॉस्पिटलात घेऊन गेली. वाटेत माझा हात धरून बसली होती. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं. गर्भाशयाचं तोंड उघडलं होतं, आता थांबवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते वैतागले नव्हते, उलट हळू आवाजात बोलत होते. "याआधी काही जाणवलं होतं? शनिवार, रविवार? कंबर, पाणी जाणं?"

"नाही," मी म्हटलं. "आज सकाळपासूनच."

त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. नवरा धावत आला तेव्हा त्यालाही त्यांनी समजावलं, की कधी कधी काहीच लक्षणं दिसत नाहीत. एक-दोन दिवस आधी कळलं असतं तर टाका घालून बघता आलं असतं, पण कळलंच नाही त्याला कोण काय करणार. नवऱ्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला तो हात झटकून टाकावासा वाटला, इतकी मला स्वतःची किळस आली.

मुलगी होती. विसाव्या आठवड्याची, बोटांना नखं फुटत आलेली. तिला नेल्यावर माझा फोन वाजला. कंपनीकडून मेसेज होता, उपचारांना पूर्ण मंजुरी मिळाली आहे. दैव देतं आणि कर्म नेतं, असं आजी म्हणायची. माझ्या बाबतीत दैवाने काहीही नेलं नाही.

ही नोकरी मी अजून करते. माणसं चांगली आहेत.

सासूबाई मात्र तेव्हापासून खचल्या. त्यांनी मनात घेतलं, की रविवारी त्यांनी मला दोन तास गॅसपुढे उभं केलं म्हणून हे झालं. नवऱ्याने समजावलं, डॉक्टरांचं सांगून झालं, तरी त्यांच्या डोक्यातून ते जात नाही. परवा देवासमोर दिवा लावता लावता त्या एकदम माझ्याकडे वळल्या. "माझ्यामुळां झाला गो सगळा. मीच तुका उभी केलंय."

मी म्हटलं, "आई, तुमची काही चूक नाही."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. पुढे मी काहीतरी बोलेन, असं त्यांना वाटलं असावं. मी आत जाऊन कुकर लावला.