सबनीसबाईंचे शब्द

सबनीसबाई पाटी वाचायच्या न्हाईत, फोडायच्या. भाजीला म्हनून आमी दोघी रहाटनीच्या चौकातनं निघालो की गॅरेजच्या पाटीफुडं थांबायच्या. म्हनायच्या, "सखूबाई, ह्या गॅरेजमध्ये गिअर आहे, कान आहे आणि रागसुद्धा आहे." मी म्हनायचे, बाई, आत तर नुस्ता ऑइलचा वास हाय. मग हसत समजावायच्या, त्या पाटीवरची इंग्रजी अक्षरं इकडची तिकडं केली की दुसरे शब्द निघतात. गिअर, कानाचा इअर, रागाचा रेज. "अक्षरं तीच असतात. फक्त हलवून बसवायची."

शाळंत इंग्रजी शिकवून त्या रिटायर झालेल्या. लग्न केलं न्हाई, सवताच्या पैशानं फ्लॅट घेतला, त्यातच एकट्या ऱ्हायच्या. मी त्यांच्याकडं सैपाकाला. चाकनकडं आमची जमीन व्हती, ती कंपनीत गेली, माझे मालक वारले, दिरांनी वाटनीत हात वर केले. मग लेकासंगं इकडं आले आनि लोकांच्या चुली धरल्या. रडून काय व्हनार व्हतं? बाईंनी पयल्याच दिवशी सांगितलं, "मीठ कमी-जास्त झालं तर चालेल, पण माझ्यासमोर बसून जेवायचं." इतक्या घरांत काम केलं, असं कुनी म्हनलं न्हाई.

मागच्या सालापास्नं बाई इसरायला लागल्या. चष्मा डोळ्यावर आनि शोध घरभर. त्यांची भाची मीनल बेंगलोरला आयटीत. ती डॉक्टरला इचारून एक युक्ती घेऊन आली. रोज सकाळी बाईंच्या मोबाइलवर ती काही अक्षरं धाडायची, दिवसभरात बाईंनी त्यातनं शब्द शोधायचे, आनि दिवेलागनीला फोनवर सांगायचे. जाताना मला बाजूला घेऊन म्हनली, "मावशी, शब्द अडायला लागले की मला लगेच कळवा. मग तिला एकटं ठेवायचं नाही, मी घेऊन जाईन." बाईंनी दारामागनं ते ऐकलं. ती रिक्षात बसल्यावर मला म्हनल्या, "मी ह्या घरातून हलणार नाही. तू बघ काय ते."

आधी चांगलं चाललं. मग एक दिस 'गार्डन'ची अक्षरं आली, आनि बाई एका 'रेड'वरच बसल्या. सांजच्याला फोन वाजला तसा त्यांचा चेहरा असा झाला, जसा वर्गात उत्तर न येनाऱ्या पोराचा. कसंबसं निभावलं. मी घरी जाऊन सुनंला सांगितलं. कल्पना चाकनला कंपनीत कामाला. ती म्हनली, आत्या, त्याला काय, मोबाइलात अक्षरं टाकली की समदे शब्द आपोआप येतात. तिनं लगेच काढून दावले. "ह्यो बघा, डेंजर. आमच्या मशीनवर कवटीखाली लिवलेला असतो तोच."

तवापास्नं तसंच सुरू झालं. मी बाईंच्या मोबाइलवरची अक्षरं बघून कल्पनाला फोन करायचे. अक्षरं मला येत न्हवती, पन कशी दिसत्यात ते सांगता यायचं. शिडी, नाल, उलटी खुर्ची. ती बसमधनं चारदोन शब्द सांगायची, मी पोळ्या लाटताना घोकायचे. फोन आला की बाईंच्या मागं उभं ऱ्हाऊन हळू सांगायचे. बाई ते मोठ्यानं म्हनायच्या. तिकडनं मीनल खूश व्हायची. फोन ठेवल्यावर बाई माझ्याकडं बघायच्या न्हाईत, मीबी त्यांच्याकडं बघायचे न्हाई.

मला वाटायचं, मी त्यांचं घर राखतेय. माझंबी तेच घर व्हतं, जिथं ताट वाढून कुनी माझी वाट बघायचं. हे मी तवा मनात येऊ दिलं न्हाई.

मग एक दिस मी दुपारी गेले तर घरभर जळका वास. बाईंनी गॅसवर रिकामं पातेलं ठेवलेलं, ते लाल झालं, आनि तसंच हातानं उचललेलं. तळहाताची कातडी निघाली व्हती आनि बाई मला इचारत व्हत्या, "दूध आलं का गं?"

मीनल बेंगलोरास्नं इमानात बसून आली. डॉक्टरनं हाताला पट्टी केली, मग बाईंना लई प्रश्न इचारले. भायेर येऊन म्हनला, हा इसर आजकाल वाढलेला न्हाई, लई महिन्यांपास्नं वाढतोय. आधी आनलं असतं तर औषधानं थोडंफार थोपवता आलं असतं. मीनल म्हनली, अहो, पण परवापर्यंत शब्द सांगत होती.

मी तितंच भिताडाला टेकून समदं सांगितलं. मला वाटलं, आता ही मला चार शब्द सुनावंल. ती लई येळ चष्मा पुशीत बसली. मग म्हनली, "मला फोनवर तुमची कुजबुज ऐकू यायची, मावशी. मी विचारलं नाही. वाटायचं, अजून थोडे दिवस चालू दे."

तिची चूक तिच्यापाशी, माझी माझ्यापाशी. तिनं सांगितल्यानं माझं ओझं हलकं झालं न्हाई.

आता बाईंना देहूकडच्या एका वृद्धाश्रमात ठेवलंय. मी जाते. मला कदी सखूबाई म्हनत्यात, कदी कुनी दुसरीच समजत्यात. मागल्या खेपंला खाटंवर बसून त्यांनी मला एकदम इचारलं, "आज किती शब्द झाले?"

जुन्या सवयीनं तोंडात खोटं आलंच व्हतं. पन म्हनले, "एकबी न्हाई झाला, बाई."

मला वाटलं, भितील. त्या उलट सरकल्या, खाटंवर माझ्यासाठी जागा केली.

"मग बस की. दोघी मिळून शोधू."

इतकंच करायचं व्हतं. रोज, पोळ्या झाल्यावर, त्यांच्या शेजारी नुस्तं बसायचं.