चिखल्यांना दिलेला आवाज

विलासला वाटतं, मी त्याच्या आईसाठी ऑफिसात भांडलो. माझ्या बायकोलाही तेच वाटतं — तिला ते विलासकडूनच कळलं, मी फक्त गप्प बसलो. खरं काय घडलं ते आजवर एकट्या मला माहीत होतं. आता तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का, ते मला नीट सांगता येणार नाही.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. एका ऑनलाइन गेमचं जग मी तुंगार्लीत घरी बसून लिहितो. डोंगर, राजे, लढाया, दंतकथा आणि त्या जगात राहणारे वंश. खेळणारा आत शिरला की पहिल्यांदा वंश निवडतो; कोण म्हणून जगायचं ते ठरवतो. प्रत्येक वंशाला बळ, बुद्धी, रूप यांचे गुण आकड्यांत दिलेले असतात. एरवी माणसं हे हिशेब मनातल्या मनात करतात, आम्ही ते छापून देतो — फरक तेवढाच. माझ्या कार्डावर ‘विश्वरचना प्रमुख’ असं लिहिलंय. आमच्या दूधवाल्याने ते वाचून विचारलं होतं, फ्लॅटची नवी स्कीम कुठं चालू आहे?

गोरे, उंच, जंगलात राहून कधी सरपण न आणणारे असे लोक आमच्याकडे होतेच. खाणीत राहणारे दाढीवालेही होते. ऑफिसला हवा होता ‘आपल्या मातीतला’ वंश. पुण्यातल्या काचेच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर, हे शब्द फार जोरात म्हटले जातात.

विलास बेडशाचा. तळेगावकडे एका कारखान्यात शिफ्टला जातो आणि कंपनीच्या बसमध्ये आमचा गेम खेळायचा. ओळख गेममध्येच झाली, मग कळलं की हा तर जवळचाच. नव्या वंशाचं ऐकून तो माझ्यापेक्षा जास्त हरखला. गेल्या वर्षी जुलैत त्याने मला घरी नेलं. लेण्यांच्या डोंगराखाली त्यांची खाचरं, आणि त्यांत त्याची आई भात लावत होती. मी तिला मावशी म्हणायला लागलो. तिने काही मला चिखलात उतर म्हटलं नव्हतं, मीच उतरलो. रोपं लावत पुढे सरकलो आणि आपलीच रोपं तुडवली. मावशी कंबरेवर हात ठेवून हसली.

“मागं सर की रं. लावल्यालं डोळ्याम्होरं ऱ्हाऊ दे.”

इतकं नेमकं वाक्य मला उभ्या जन्मात सुचलं नव्हतं.

संध्याकाळी ओट्यावर मी फोन ठेवला आणि तिचा आवाज घेतला. आपली माणसं गेममध्ये येणार, असं विलासने तिला सांगून ठेवलं होतं. नुसता आवाजच घ्यायचा, हे सांगूनही तिने आधी अंबाडा पुन्हा बांधला, पदर नीट केला, मग बसली. दीड तास बोलली. म्हशीला हाक मारून दाखवली, कोंबड्यांना शिव्या दिल्या, पाहुण्याला बसवून चहा कसा देतात ते सांगितलं, कंबरेचं गाऱ्हाणं केलं, आणि मध्येमध्ये हसली.

पहिला मसुदा मी चांगला लिहिला. हे मी फुशारकीने सांगत नाही, पुढे त्याचा उपयोग कसा केला ते कळावं म्हणून सांगतोय. त्यात मागे चालणारे लोक होते; आपण लावलेल्याकडे कधी पाठ करायची नाही, हा त्यांचा धर्म. मीटिंगमध्ये तो वाचला. सगळ्यांनी अदबीने ऐकला, एकाने घड्याळ पाहिलं. आणि मग — मला कोणीही सांगितलं नव्हतं, हे लक्षात ठेवा — मी खुर्चीतून उठलो, कंबरेत वाकलो आणि टेबलांमधून उलटा चालत मावशीच्या आवाजात म्हणालो, “आलासा? बसा. च्या घ्या.” आणि कपाटाला धडकलो.

खोली हसून कोसळली. अकरा वर्षांत तिथे माझ्या बोलण्यावर कोणी हसलं नव्हतं.

मी ते पुन्हा करून दाखवलं.

त्याच आठवड्यात वंश नव्याने लिहिला. नाव चिखल्या. बुद्धी सगळ्यांत कमी. कुठे जायचं ते कळत नाही म्हणून उलटे चालतात. आणि आवाज? तो कोणी मागितला होता का? नाही. मीच मावशीचे तुकडे पाडले. परका दिसला की, “आलासा? बसा.” मार बसला की, “आई गं, कंबर गेली.” तिचं हसू कुठे बसवावं यावर मी एक अख्खी दुपार घालवली. शेवटी चिखल्या मरताना बसवलं. खोटं का बोलू, त्या दुपारी काम करताना मला फार मजा आली.

चिखल्या म्हणून जगायला कोणीच तयार नव्हतं. मात्र मारायला सगळे येत. तो आवाज ऐकायला. त्याचे व्हिडिओ फिरले. ऑफिसने केक कापला. मी तो खाल्ला.

विलासने ते बसमध्ये ऐकलं. मागच्या सीटवर कोणीतरी खेळत होतं, आजूबाजूचे हसत होते, आणि याला एकदम आईचा आवाज आला. शिफ्ट संपवून तो तसाच तुंगार्लीला आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

“भाऊ, ह्ये तुमी केलं का?”

मी नाही म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तर निदान ते एकच खोटं झालं असतं. पण मी लॅपटॉप उघडून त्याला तो पहिला मसुदा दाखवला. म्हणालो, मी हे लिहिलं होतं, पुण्यातल्यांनी बदललं. आवाज माझ्याकडून घेतला आणि हवा तसा वापरला. मी भांडलो, राजीनाम्यापर्यंत गेलो. विलासने उभ्यानेच सगळं वाचलं, सावकाश, शेवटपर्यंत. मग तो बसला. “तुमी तरी आमच्या बाजूनं व्हता,” म्हणाला. बायकोने आणलेला चहा प्यायला.

खरं बोललो असतो तर त्याने काय केलं असतं? काही नाही. निघून गेला असता. माझं लिखाण इतकं मन लावून वाचणारा तो एकच माणूस होता, आणि मला तो हवा होता. बस, एवढंच. याहून मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

पुढे कामशेतच्या बाजारात मावशीने दुकानात काहीतरी मागितलं. गल्ल्यावरच्या पोराने तिचेच शब्द तिच्याच चालीत तिला ऐकवले, आणि रांगेतली माणसं हसली. तिला काही कळेना. घरी येऊन तिने विचारलं, आणि विलासला सगळं सांगावं लागलं. तेव्हापासून ती बाजारात जात नाही. यंदाच्या लावणीत खाचरात बायका गातात, बोलतात, ही खाली मान घालून रोपं लावते. म्हशीला हाक मारायची तर सुनेला पुढे करते.

तो आवाज काढून टाकायला माझी एक मेल पुरे आहे. तेवढा अधिकार मला आहे. पण मेल केली की ‘का’ असं विचारतील, आणि चिखल्या ही माझ्या कामातली एकच गोष्ट लोकांना माहीत आहे. मी मेल केलेली नाही. कालही नाही, आजही नाही. तुम्ही हे वाचताय तेव्हाही कोणीतरी तिला मारत असेल.

मागच्या महिन्यात बेडशाला गेलो होतो. विलास दारातच हळू आवाजात म्हणाला, “आई पावण्यांम्होरं त्वांड उघडत न्हाई आता. तुमच्याम्होरं बोलंल. तुमी भांडलासा तिच्यासाठी.”

आणि ती खरंच बोलली. तासभर. आधी अडखळत, पदर तोंडाशी धरून, मग पदर सुटला. म्हशीचं, सुनेचं, कंबरेचं. माझ्या ताटात दोनदा भात वाढला. मी मान डोलावत होतो. निघताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “हाक माराया त्वांड उघाडलं की वाटतं, ह्यो आवाज माजा का त्यांचा?”

चांगलं वाक्य आहे. घरी येऊन मी ते कामाच्या वहीत उतरवून ठेवलं.