गंगीच्या कागदावर 'घोडी' लिहिले

सर्व मंडळींना नमस्कार.

आज आमच्या गाढवीला, गंगीला, जनावरांच्या दवाखान्यात नेले. दोन वर्षे ती गाभण राहिलेली नाही आणि आठवडाभर अंगावरून पू जात आहे. कंपाउंडर हसला. "बाबूजी, गधी का भी इलाज? बाँझ है, दूसरी ले लो." कागदावर त्याने 'घोडी' लिहिले. गाढवाचा रकानाच नाही म्हणे!

मी म्हणालो, "गाढवी लिहा. तोवर मी येथून हलणार नाही."

आवाज ऐकून डॉक्टरीणबाई आल्या. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून त्यांनी तपासले. गर्भाशयाला सूज होती. ते धुऊन त्यांनी आत औषध सोडले. "बाँझ नहीं, बीमार है," त्या म्हणाल्या आणि कागदावरचे 'घोडी' खोडून त्यांनी 'गाढवी' लिहिले.

मदन महल टेकडीच्या चढावर माझ्या घराच्या विटा जिने वाहिल्या, तिला गाढवी म्हणून तपासण्यात कसली लाज?