मंगळवारचा गणिताचा वर्ग

हॉस्पिटलच्या किचनमध्ये माझ्यासोबत काम करणाऱ्या वेल्श मावशींचे उपकार आधी सांगते. गणित मला त्याच शिकवतात.

मी आठवीत शाळा सोडलेली. इथे वेल्समध्ये, कार्डिफला, युनिव्हर्सिटीत नर्सिंगला प्रवेश मिळावा म्हणून कॉलेजचा एक वर्षाचा तयारीचा कोर्स धरला. ऑफिसात विचारायची धास्ती वाटायची. आपलं माणूस असताना तिथे कशाला जायचं, म्हणून सगळं इथेच राहणाऱ्या, मूळच्या पुण्याच्या वहिनींना विचारायची. ‘गणित लागतं का हो?’ म्हटलं तर हसल्या. ‘नर्सला काय पाढे म्हणायचे असतात?’

कोर्स पास झाले आणि युनिव्हर्सिटीने गणिताचं सर्टिफिकेट मागितलं. मावशींनी कॉलेजचं माहितीपुस्तक वाचून दाखवलं. पहिल्याच पानावर ती अट होती. गणिताचा वर्ग मंगळवारी संध्याकाळी असायचा, आणि तेव्हाच मी वहिनींची मुलं सांभाळायची.

मंगळवारची संध्याकाळ मोकळी मिळेल का विचारलं तर वहिनी म्हणाल्या, ‘अगं, वर्षभराने काय बिघडतं? मुलं दुसऱ्या कुणाकडे राहतच नाहीत.’ गणित लागतं हे त्यांना आधीपासूनच ठाऊक होतं. तरी मी त्यांचा चहा पिऊन परत आले, ते अजून बोचतं.

त्या वर्गाच्या जागी मावशी आता रोज जेवणाच्या सुट्टीत मला परीक्षेसाठी अपूर्णांक शिकवतात. त्यांचे गुडघे फार दुखतात. ऑपरेशनची वेळ येईल तेव्हा मी नर्स झालेली असेन आणि त्यांना पहिली पावलं मीच टाकायला लावीन.